कॅराव्हॅनसाठी डिश अँटेना कशी निवडावी : नाशिककरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले आणि त्यानंतर नाशिकच्या रस्त्यांवरही राहण्याची सोय असलेल्या गाड्या अधूनमधून दिसू लागल्या. काहींनी तयार कॅराव्हॅन घेतली, काहींनी फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी घेऊन सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये आतली बांधणी करून घेतली. पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि सोलर पॅनेल यांविषयी माहिती सहज मिळते. टीव्हीचा विषय मात्र शेवटी येतो आणि तेव्हा बहुतेक जण परदेशी व्हिडिओ पाहून टपावर, आत डिश असलेला पांढरा घुमट बसवण्याच्या विचारापर्यंत पोहोचलेले असतात. हा घुमट काही थोड्या लोकांसाठी योग्य आहे. बाकीच्यांसाठी साधी तिपाईवरची डिश अधिक चांगली, आणि त्याचे मुख्य कारण पैसा नसून आपल्याकडचे ऊन आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. मुक्काम बहुतेक वेळा कुठे असतो? गंगापूर धरणाजवळ, दिंडोरीच्या द्राक्षबागांच्या परिसरात किंवा महामार्गालगत राहणार असाल, तर मोबाइलच्या इंटरनेटवर बातम्या आणि मालिका पाहता येतात आणि डिशची गरज निम्मी होते. हरसूल, जव्हारकडचे रस्ते, सप्तशृंगीचा घाट किंवा भंडारदऱ्याच्या पाणलोटातील गावे येथे मात्र मोबाइलचे नेटवर्क दर वळणाला बदलते. शिवाय क्रिकेटचा सामना इंटरनेटवर काही सेकंद उशिरा दिसतो, घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना रिमोटवरचा ठरलेला क्रमांक दाबूनच वाहिनी हवी असते, आणि एकदा डिश लागली की डेटा संपण्याची चिंता उरत नाही. यांपैकी एकही बाब लागू नसेल तर डिशवरचा खर्च टाळावा.

उपग्रह कुठे आहेत, ते आधी समजून घ्यावे

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे आकाशात एकाच जागी स्थिर भासतात. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांश आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपण वापरतो ते डीटीएचचे सर्व उपग्रह आपल्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत. म्हणून नाशिकमधील गच्चीवरच्या सगळ्या डिश आग्नेयेकडे तोंड करून उभ्या दिसतात. कोणत्या कंपनीचा उपग्रह नेमका कुठे, यावर अँटेनाची निवड बरीच अवलंबून असते, त्यामुळे हे आकडे एकदा वहीत उतरवून ठेवावेत.

टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहेत. त्यांपैकी जीसॅट-२४ जून २०२२ मध्ये सोडण्यात आला आणि त्याची संपूर्ण क्षमता याच कंपनीला दिलेली आहे. नाशिकहून पाहता हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेल्या १५५ अंशांवर, म्हणजे दक्षिणेच्या थोडा पूर्वेला, आणि क्षितिजापासून ६४ अंश उंचीवर दिसतो. डी२एचचा उपग्रह ८८ अंश पूर्वेला; त्याची दिशा सुमारे १४४ अंश आणि उंची ६१ ते ६२ अंश. डीडी फ्री डिश ज्यावर आहे तो जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला असून त्याची दिशा १३४ आणि उंची ५८ अंशांच्या आसपास येते. डिश टीव्ही ९५ अंशांवर, म्हणजे फ्री डिशच्या अगदी शेजारी. दिशा १३१, उंची ५६. एअरटेलचा उपग्रह १०८.२ अंशांवर बराच पूर्वेला असल्यामुळे त्याची दिशा ११६ ते ११७ आणि उंची ४५ अंशच भरते.

या आकड्यांतून पहिला निष्कर्ष असा निघतो की आपल्याकडे डोंगर फारसा आड येत नाही. अंजनेरीच्या पायथ्याशी गाडी लावली आणि समोर पाचशे मीटर उंचीचा कडा दीड किलोमीटरवर असला, तरी तो क्षितिजापासून अठरा-वीस अंशांपर्यंतच झाकतो. उपग्रह त्याच्या कितीतरी वर असतो. ब्रह्मगिरी तर त्र्यंबकेश्वर गावाच्या पश्चिमेला, म्हणजे आपल्या कामाच्या दिशेच्या पाठीमागेच आहे. घाटात टीव्ही लागणार नाही, ही भीती म्हणूनच बहुतांशी निराधार आहे. अगदी कड्याला खेटून किंवा अरुंद घळीत गाडी लावली तरच अडचण येते.

खरी अडचण : सावली

खरा अडथळा असतो तो झाडाचा. एप्रिल-मे महिन्यांत नाशिक जिल्ह्यात कॅराव्हॅन उघड्यावर उभी करणे म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसणे. त्यामुळे प्रत्येक जण आंबा, वड किंवा निंब शोधून त्याच्या सावलीत गाडी लावतो, आणि तेच योग्य आहे. परंतु डीटीएच ज्या केयू (Ku) बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यात चालते, त्यातील लहरी ओल्या पानांतून पार होत नाहीत. दाट फांदीच्या आड डिश गेली की सिग्नल जातो, आणि विरळ फांदीच्या आड असली तर वारा आला की चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते.

टपावर कायमची बसवलेली अँटेना गाडीबरोबर सावलीत जाते. जमिनीवरची तिपाई मात्र केबल पुरेल तिथपर्यंत उन्हात नेता येते. या एका फरकामुळे आपल्या हवामानात तिपाईचे पारडे जड ठरते, आणि थंड देशांतील गाडीमालकांनी दिलेले सल्ले जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाहीत.

तिपाई झाडापासून किती दूर न्यावी याचे गणित सोपे आहे. बारा मीटर उंच आंबा आग्नेयेला आहे आणि डिश जमिनीपासून एक मीटरवर आहे असे धरले, तर अकरा मीटरची उंची टाळायची असते. ८३ अंशांच्या उपग्रहासाठी झाडाच्या त्या उंच भागापासून साडेपाच मीटर अंतर पुरते, फ्री डिशसाठी सात मीटर लागतात, आणि १०८.२ अंशांसाठी अकरा मीटर. मोजपट्टी नसेल तर हाताने अंदाज घ्यावा: आग्नेयेकडे तोंड करून उभे राहावे, हात सरळ समोर धरावा आणि डोक्याच्या वर नेताना दोन तृतीयांश मार्गावर थांबवावा. बोटाच्या रोखात फांदी, विजेची तार किंवा इमारतीचा कठडा नसेल तर फ्री डिश आणि डी२एच यांना अडचण नाही. एअरटेलसाठी हात बरोबर निम्म्यावर थांबवावा.

नवीन जोडणी घेणार असाल आणि कंपनीच्या बाबतीत काही आग्रह नसेल, तर केवळ या भूमितीच्या आधारे ८३ किंवा ८८ अंशांवरच्या सेवेला माझे झुकते माप आहे. उंच उपग्रहाला मोकळे आकाश कमी लागते. त्याचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो: पावसाचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात असे धरले, तर ६४ अंशांच्या कोनात येणारी लहर साडेपाच किलोमीटरच पावसातून प्रवास करते, ४५ अंशांची लहर सात किलोमीटर. महिन्याची वर्गणीच नको असेल तर फ्री डिश आहेच. २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही, सह्याद्री वाहिनी तिच्यावर मिळते आणि वर्षातून पाच-सहा वेळा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला एवढे पुष्कळ होते. गाडी आठ महिने दारात उभी असताना वर्गणी भरत राहण्यात अर्थ नाही.

घरचाच वर्गणीचा बॉक्स गाडीत नेण्याचा विचार असेल, तर जोडणी घराच्या पत्त्यावर नोंदलेली असते हे लक्षात ठेवून कंपनीला तिच्या अटी आधी विचाराव्यात.

अँटेनाचे प्रकार आणि त्यांची पारख

पहिला प्रकार तिपाईवरच्या साध्या डिशचा. घरी वापरतात तीच ६० सेंटिमीटरची ऑफसेट डिश, घडीची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची तिपाई, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) आणि पंधरा मीटर केबल, एवढाच हा संच. बिघडले तर सुटा भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. तिपाईची किंमत सोडली तर सारे साहित्य स्वस्त आहे, आणि तिपाईदेखील फॅब्रिकेशनवाल्याकडून मनासारखी करून घेता येते. तशी करून घेताना पायांचा पसारा किमान मीटरभर ठेवावा, मधला दांडा डिशच्या क्लॅम्पमध्ये बसेल त्याच जाडीचा घ्यावा, आणि मध्यभागी खाली एक हूक लावून घ्यावा. त्या हुकाला पाण्याचा भरलेला कॅन टांगला की पठारावरच्या दुपारच्या वाऱ्यात डिश उलटत नाही. हा हूक तयार तिपाईला सहसा नसतो आणि तीच तिची मोठी उणीव आहे.

दुसरा प्रकार टपावर बसवलेल्या, आतून हँडल फिरवून उभ्या करायच्या डिशचा. यात बाहेर जावे लागत नाही, त्यामुळे पावसात सोय होते. पण सावलीची अडचण कायम राहते आणि टपाला भोक पाडावे लागते. तिसऱ्या प्रकारात मोटर आणि नियंत्रक असतो: गाडी थांबली की बटण दाबायचे, डिश स्वतः उठून उपग्रह शोधते. चौथा प्रकार बंद घुमटाचा, आणि त्यातही दोन उपप्रकार आहेत. एक थांबलेल्या गाडीतच चालतो. दुसरा चालत्या गाडीत प्रत्येक वळणाबरोबर अँटेना फिरवत राहतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत महाग असून तो लांब पल्ल्याच्या प्रवासी बसला किंवा चित्रीकरणाच्या व्हॅनला शोभतो. चालकाच्या नजरेच्या टप्प्यात टीव्ही असता कामा नये, हे लक्षात घेतले तर चालत्या गाडीत टीव्ही पाहण्यासाठी मागे कोणी तरी बसलेले असले पाहिजे. दोघांच्या कुटुंबाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

घुमटाच्या आकाराकडे विशेष लक्ष द्यावे. आतील डिश बहुधा ४५ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असते. ४५ सेंटिमीटरच्या डिशचे क्षेत्रफळ ६० सेंटिमीटरच्या डिशच्या तुलनेत ५६ टक्केच भरते, म्हणजे सिग्नल सुमारे अडीच डेसिबलने कमी. निरभ्र आकाशात हा फरक जाणवत नाही. इगतपुरीसारख्या वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणी जुलैमध्ये तो चांगलाच जाणवतो: मोठी डिश सर चालू असताना तग धरते तेव्हा लहान डिशवर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. त्यात घुमटावर पाण्याचा थर साचला तर आणखी घट होते. मोटारीचे मेण चोळून घुमट निसरडा ठेवल्यास थेंब टिकत नाहीत. लहान डिशचा दुसरा दोष असा की तिची नजर रुंद असते. ६० सेंटिमीटरची डिश साधारण तीन अंशांचा पट्टा पाहते, ४५ सेंटिमीटरची चार अंशांचा. ९३.५ आणि ९५ अंशांवरील उपग्रह एकमेकांपासून दीड अंशावरच असल्यामुळे लहान डिशमध्ये शेजाऱ्याचा गोंधळ अधिक शिरतो. याउलट ९० सेंटिमीटरची डिश घेण्याचाही मोह नको: तिला वारा जास्त लागतो, ती ठेवायला जागा नसते आणि तिचा रोख साधणे कठीण जाते. ६० किंवा फार तर ६५ सेंटिमीटर हा आपल्यासाठी योग्य आकार आहे.

परदेशी अँटेना मागवण्यापूर्वी

ऑनलाइन दुकानांत किंवा परदेशातील नातेवाइकांमार्फत अमेरिकी घुमट स्वस्तात मिळतो तेव्हा तो आपल्याकडे चालेल असे गृहीत धरले जाते. तो चालत नाही, आणि त्यामागचे कारण पक्के आहे. अमेरिकेतील डीटीएच सेवा वर्तुळाकार ध्रुवीकरण (ध्रुवीकरण म्हणजे लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते) वापरतात, तर आपल्याकडच्या सेवा आडवे आणि उभे असे रेषीय ध्रुवीकरण वापरतात. दोन्हींचे एलएनबी वेगळे असतात. शिवाय त्या घुमटाच्या स्मृतीत अमेरिकेच्या आकाशातील उपग्रहांचीच यादी भरलेली असते, त्यामुळे इथे तो तासन्‌तास फिरत राहतो आणि काहीच सापडले नाही असे सांगतो.

युरोपीय अँटेना रेषीय ध्रुवीकरणाची असल्यामुळे जवळची ठरते, पण तिथे दुसरी मेख आहे. जर्मनीत लोकप्रिय उपग्रह क्षितिजापासून ३० ते ३५ अंश उंचीवर दिसतो, आणि चपट्या बनावटीच्या काही अँटेना तेवढ्याच मर्यादेत हलण्यासाठी घडवलेल्या असतात. आपल्याला नाशिकमध्ये ४५ ते ६४ अंश लागतात. पुढे दक्षिणेकडे जाल तसा हा कोन वाढत जातो: कन्याकुमारीला ८३ अंशांचा उपग्रह जवळजवळ ७९ अंशांवर, म्हणजे डोक्यावरच येतो. त्यामुळे माहितीपत्रकात उंचीच्या कोनाची मर्यादा दिलेली असते ती आधी पाहावी, आणि ८० अंशांपर्यंत हालचाल नसेल तर दक्षिण भारताच्या सहलीचा बेत असणाऱ्यांनी ती अँटेना घेऊ नये.

विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी अशा: एलएनबी रेषीय आणि युनिव्हर्सल प्रकारचा आहे का, बॉक्सकडून येणाऱ्या १३ आणि १८ व्होल्टवर ध्रुवीकरण बदलते का, आपल्या कंपनीच्या उपग्रहाचे स्थान यादीत आहे का आणि नसल्यास ते बाहेरून भरता येते का, एलएनबीचा तिरपेपणा (तो क्लॅम्पमध्ये किती फिरवून बसवला आहे तो कोन) अँटेना स्वतः जुळवते की हाताने बदलावा लागतो, आणि मोटर बिघडल्यास डिश हाताने खाली बसवता येते का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. डिश उभी अडकून बसली तर गाडी हलवताच येत नाही. ‘सगळं चालतं साहेब’ असे उत्तर आले तर दुकानातच बॉक्स जोडून वाहिनी लावून दाखवण्याचा आग्रह धरावा.

टपावर बसवायचीच असेल तर

सावलीची अडचण पत्करूनही काहींना टपावरचीच अँटेना हवी असते, आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. अशा वेळी प्रथम गाडीची अँटेनासह एकूण उंची मोजून चालकासमोर चिकटवून ठेवावी. रेल्वेखालचे बोगदे, पेट्रोल पंपाची छते आणि गावांतील स्वागत कमानी यांचा संबंध याच आकड्याशी येतो. गाडीच्या मापात किंवा रचनेत बदल होत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विचार करावा लागतो. म्हणून भोक पाडण्यापूर्वी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. तयार कॅराव्हॅनला एआयएस-१२४ या मानकाखाली मान्यता असते, तेव्हा ती बांधून देणाऱ्याचा सल्ला घेणेही आवश्यक आहे.

फायबरच्या टपावर वजन एका ठिकाणी पडू नये म्हणून आतल्या बाजूने ॲल्युमिनियमची पट्टी द्यावी. एसीचा उंच भाग आणि अँटेना यांत किमान हातभर अंतर सोडावे, आणि उभ्या डिशची सावली सोलर पॅनेलवर पडणार नाही अशी जागा निवडावी. पॅनेलचा छोटा भागही झाकला गेला तर वीज अपेक्षेपेक्षा बरीच घटते.

केबल आणि वीज

केबल आरजी-६ प्रकारची, ७५ ओहमची आणि तांब्याच्या गाभ्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी गाभ्याची केबल स्वस्त असते, पण एलएनबीला लागणारा वीजप्रवाह याच केबलमधून जातो आणि लांबी वाढली की व्होल्टेज पडते. मग उभ्या ध्रुवीकरणाच्या वाहिन्या दिसतात आणि आडव्यांच्या दिसत नाहीत, असे चमत्कारिक दोष उद्भवतात. पंधरा ते वीस मीटरची एकच सलग केबल ठेवावी. मध्ये जोड देऊ नये.

बिघाड सर्वांत जास्त होतो तो एलएनबीवरच्या एफ कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या आट्यांच्या जोडणीत. कनेक्टर सोडून पाहिला असता मधली तार चकचकीत तांबूस दिसली पाहिजे. ती काळपट-हिरवी झालेली असेल आणि जाळीवर पांढरी भुकटी असेल तर पाणी शिरले आहे असे समजावे, बोटभर केबल कापून टाकावी आणि नवा कनेक्टर लावावा. नवा लावताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला चिकटता कामा नये, आणि तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच यावी. त्यावर रबरी टोपी आणि स्वयंचिकट रबरी पट्टी गुंडाळावी. गाडीत केबल शिरते तिथे बाहेरच्या बाजूला खाली लोंबणारा झोल ठेवावा, म्हणजे पाणी केबलवरून आत न ओघळता झोलाच्या तळातून ठिबकते.

विजेचा हिशेब फारसा भीतीदायक नाही. चोवीस इंची एलईडी टीव्ही सुमारे ३० वॉट आणि बॉक्स १२ वॉट धरला तर १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर लागतात. चार तासांत १४ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी हे लक्षात घेतले तरी एक संध्याकाळ आरामात निघते. अनेक सेट-टॉप बॉक्स मुळात १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ वर आणायचे हा द्राविडी प्राणायाम टाळता येतो. मात्र बॅटरीची तार थेट बॉक्सला जोडू नये. इंजिन चालू असताना गाडीचे व्होल्टेज १४.४ पर्यंत चढते. मध्ये १२ व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारा छोटा कन्व्हर्टर आणि फ्यूज हवा.

मुक्कामावर डिश लावण्याची पद्धत

निघण्यापूर्वी घरीच एक काम करावे. गच्चीवरची डिश त्याच कंपनीची असेल तर तिच्या एलएनबीच्या गळ्यावरचे आकडे आणि क्लॅम्पमधील खूण यांचा मोबाइलवर जवळून फोटो घ्यावा. तंत्रज्ञाने तिरपेपणा जिथे जुळवला आहे तीच खूण तिपाईवरच्या डिशला ठेवावी. जिल्हाभरात ती कुठेही पुरते आणि एक कोन कायमचा सुटतो.

मुक्कामाच्या जागी प्रथम तिपाई पाणसळ लावून समतल करावी. या पायरीत आळस केला तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात, कारण डिशवरची उंचीची पट्टी दांडा ओळंब्यात असल्याचे गृहीत धरते. नंतर क्लॅम्पवरील पट्टीवर आपल्या उपग्रहाची उंची लावावी. ऑफसेट डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते, त्यामुळे ५८ अंश लावल्यावरही ती आकाशाऐवजी समोरच्या माणसाकडे पाहते आहे असे वाटते. पट्टीवर विश्वास ठेवावा, डोळ्यांवर नाही.

दिशा पाहण्यासाठी मोबाइलमधील होकायंत्र पुरते, परंतु ते गाडीच्या पत्र्यापासून आणि लोखंडी तिपाईपासून पाच-सहा मीटर दूर जाऊन पाहावे. नाशिक परिसरात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहून कमी आहे, म्हणून दुरुस्ती करण्याची गरज नाही. आपल्या दिशाकोनावर दूरचे एखादे झाड किंवा खांब हेरून ठेवावा आणि परत येऊन डिश त्याच्या रोखाने वळवावी.

आता बॉक्सवर सिग्नलची पाटी उघडावी. तिच्यावर दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ केवळ एलएनबीला वीज मिळते आहे आणि काहीतरी ऐकू येते आहे एवढेच सांगते. ती डिश जमिनीकडे केली तरी बऱ्यापैकी दिसते. पाहायची ती क्वालिटी. एकाने दाराशी बसून पडदा पाहावा आणि दुसऱ्याने डिश हलवावी. डिश अपेक्षित दिशेच्या दहा अंश पूर्वेपासून सुरुवात करून पश्चिमेकडे सरकवावी, तीही एका वेळी बोटाच्या पेराइतकी, आणि प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबावे, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. संध्याकाळी कुठल्याही तळावर हा संवाद ऐकू येतो: “शून्य... शून्यच आहे... अहो, वीस झाले! चाळीस... थांबा, थांबा, गेलं! थोडं मागे घ्या.” घाईने फिरवणारा माणूस उपग्रहावरून दोनदा पुढे निघून जातो.

एक फेरी रिकामी गेली तर उंची दोन अंशांनी वाढवून किंवा कमी करून पुन्हा फेरी मारावी. क्वालिटी मिळाली पण आपल्या वाहिन्या येत नसतील, तर शेजारचा उपग्रह लागला आहे, ९३.५ आणि ९५ च्या बाबतीत हे वारंवार घडते. फ्री डिश हवी असेल तर तेथून केसभर पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला, आणि किंचित वर जावे. क्वालिटी सर्वाधिक झाली की एलएनबी थोडा दोन्हीकडे फिरवून आणखी काही गुण मिळतात का ते पाहावे आणि मग नट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. एकच नट एकदम आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते. पावसाळ्यात निरभ्र वेळी मिळालेली क्वालिटी जितकी वर तितकी सर आल्यावर तग जास्त, म्हणून चित्र दिसू लागले की लगेच थांबू नये. शेवटचे पाच-दहा गुण मिळवण्यासाठी दिलेला वेळ रात्री उपयोगी पडतो.

तिपाईच्या पायांभोवती जमिनीवर खडूने किंवा दगडांनी खुणा कराव्यात आणि केबलवर चिंध्या किंवा उजळ पट्टी बांधावी, कारण अंधारात तिला अडखळून डिशसकट माणूस पडण्याचा धोका खरा असतो. विजा चमकू लागल्या तर केबल बॉक्समधून काढून गाडीबाहेर ठेवावी. उघड्या माळावर उभी असलेली धातूची डिश अशा वेळी हाताळू नये.

खरेदीचा क्रम

सुरुवातीला तिपाई, ६० सेंटिमीटरची डिश, चांगली केबल आणि फ्री डिशचा बॉक्स एवढेच घेऊन एक हिवाळा आणि एक पावसाळा काढावा. रोख साधण्याचा कंटाळा येतो का, गाडी प्रत्यक्षात किती वेळा सावलीत उभी राहते, रोज मुक्काम बदलतो की एकाच जागी आठवडा जातो, हे त्या काळात कळते. रोज मुक्काम बदलणाऱ्यांना आणि उघड्या जागीच थांबणाऱ्यांना नंतर स्वयंचलित अँटेना घेणे परवडते. तेव्हाही तिपाई विकू नये, कारण मोटर बिघडली किंवा झाड आड आले की तीच कामाला येते. स्वयंचलित डिश घेतलीच तर ती उभी असताना इंजिन सुरू केल्यास भोंगा वाजेल अशी जोडणी बसवणाऱ्याकडून करून घ्यावी, आणि हँडलच्या डिशसाठी स्टिअरिंगवर अडकवायची लाल पट्टी ठेवावी: डिश वर करताना पट्टी स्टिअरिंगवर लावायची, डिश टपाला टेकल्याचे बाहेरून पाहूनच ती काढायची.